सरावाचा माणूस

मेंदूच्या चाचण्या घेणाऱ्या त्या विभागात त्यांना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'पुरावाबाई'. हे नाव कोणत्या तुकडीनं ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते दर वर्षी नव्यानं कळायचं. एखादी मुलगी पहिल्याच आठवड्यात वहीत बघून वाचायची, "पेशंट जरा गोंधळलेला वाटला." की बाईंचा चष्मा कपाळावर गेलाच.

"वाटला? कुणाला वाटला?"

"मला."

"तुझं वाटणं दहापैकी किती?"

वर्ग फिदीफिदी हसायचा, मुलगी कानापर्यंत लाल व्हायची. बाई मात्र हसत नसत. "मेंदूला काही झालेला माणूस तुझ्यासमोर बसतो ना, तेव्हा त्याची नोकरी, त्याची सही, त्याचं घर तुझ्या एका कागदाला टांगलेलं असतं. तिथं वाटणं नाही चालत. पुरावा दाखव."

बावीस वर्षं बाई हेच शिकवत होत्या. मानसशास्त्राची पदवी घेऊन आलेली आठ मुलं दर वर्षी त्यांच्या हाताखाली यायची. माणसाची स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, हिशेब, विचार, हे सगळं चाचण्या लावून मोजायचं. मग त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या धडधाकट माणसांच्या आकड्यांशी ताडून बघायचं. आणि मग जे सिद्ध होतं तेवढंच लिहायचं, एक ओळ जास्त नाही. तिसऱ्या मजल्यावर चाचणीची खोली होती. एक टेबल, काटकोनात दोन खुर्च्या, एक स्टॉपवॉच. भिंतीवर ना चित्र ना कॅलेंडर, घड्याळसुद्धा नाही, कारण पेशंट तारीख-वेळ बघून सांगतो. एका भिंतीत काच. त्या काचेतून पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून इकडचं दिसायचं, इकडून तिकडचं नाही. बाईंचं अर्धं आयुष्य त्या काचेमागच्या स्टुलावर गेलं होतं.

नियम असा होता की खऱ्या पेशंटसमोर बसायच्या आधी प्रत्येकानं तीनदा संपूर्ण सराव करायचा. आता सराव करायचा तर समोर कुणीतरी बसायला हवं. पहिल्या वर्षी बाईंनी क्लार्कला विचारलं. तो उसळला, "माझी अक्कल मोजायला मी काय बाजारातला बैल आहे?" तेव्हा दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "मी बसतो की. बसायचंच आहे ना? उभा राहूनच दमलोय मी."

हे काका. तेव्हा ते पस्तिशीचे होते, पण काकाच. शिपाई असलेल्या माणसाला वयाची सवलत नसते.

काका नुसते बसत नसत. पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी इमानेइतबारे उत्तरं दिली. मग सगळे प्रश्न पाठ झाले आणि माणूस कंटाळला. एक दिवस समोर नवखा मुलगा बसलेला, आणि काका अचानक कानाला हात लावून ओरडले, "काय? कुणाचं लग्न?" मुलगा घाबरून काचेकडे बघायला लागला. काचेमागे बाई पोट धरून हसल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की हे तर फारच उत्तम आहे. मुलांना सरळ पेशंट कुठं मिळणार आहेत पुढं? मिळणार ते बहिरे, चिडके, रडके.

तेव्हापासून रीतच पडली. सकाळी खोली झाडता झाडता काका विचारायचे, "आज कोणता देऊ?"

"द्या एखादा चिडका."

"जावयानं ओढून आणलेला?"

"चालेल."

आणि खुर्चीत बसेपर्यंत काका नाहीसे व्हायचे. खांदे वर, ओठ घट्ट, नजर दारावर. "मला काहीही झालेलं नाही. त्याला विचारा. त्याला झालंय." मुली रडकुंडीला यायच्या. बरं, एवढं करूनही त्यांचं अर्धं लक्ष मुलांच्या चुकांवर. मध्येच भूमिका बाजूला ठेवून, साध्या आवाजात, "मॅडम, थांबा. घड्याळ दाबलं नाहीत. माझे तीस सेकंद कोण मोजणार, तुमचे वडील?" की लगेच परत चिडका जावईग्रस्त म्हातारा. पंधरा शब्दांची यादी असायची, एका सेकंदाला एक शब्द अशी वाचायची. कंदील, कात्री, विहीर, ढग, असे साधे शब्द. कुणी भरभर वाचली की काका हात वर करायचे. "सर, गाडी सुटतेय का तुमची?"

बाई कौतुकानं म्हणायच्या, "मी रजेवर गेले तरी चालेल. काका आहेत."

प्रत्येक सरावानंतर एक कागद भरायचा. वर मुलाचे गुण, मध्ये काकांची उत्तरं जशीच्या तशी, आणि सगळ्यात खाली एक चौकट : 'सरावाच्या व्यक्तीची भूमिका'. तिथं बाईंचा शेरा आणि सही. शेरा बहुतेक वेळा तोच. 'उत्तम वठवली.'

असे कागद वर्षाला चोवीस. स्टीलच्या कपाटात साचत गेले.

मग एका दुपारी, त्या तुकडीतली सगळ्यात अबोल मुलगी सरावाला बसली होती. काकांना बहिरा दिलेला. काकांनी तिला तीनदा विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?" तिनं तीनदा शांतपणे सांगितलं. मग आकृती बघून काढायची होती. काकांनी पेन्सिल उचलली, दोन रेघा ओढल्या आणि थांबले. पेन्सिल हवेत. बराच वेळ. मग दाराकडे बघून अगदी हळू म्हणाले, "मी घरी जाऊ का?"

मुलीनं त्यांच्या हाताजवळ हात ठेवला, म्हणाली, "थोडंच राहिलंय." बाई स्टुलावरून उठल्याच. मुलीला पैकीच्या पैकी दिले. खाली लिहिलं, 'उत्तम वठवली. थांबणे विशेष.' आणि जिन्यात काकांना गाठून म्हणाल्या, "काका, आज कमाल केलीत. ते थांबणं कुठून सुचलं हो?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले. हसू जरा उशिरा आलं.

"सुचतं, बाई."

यानंतर सात महिन्यांनी लिफाफ्यांचं प्रकरण झालं.

दोन पेशंटचे अहवाल तयार होते, दोन बंद लिफाफे, वर नावं. दोन्ही घरचे लोक बाहेर बाकावर. काकांनी याचा त्याला दिला आणि त्याचा याला. एका घरातल्या मुलानं जिन्यातच फोडून वाचलं की आपल्या वडिलांना आता व्यवहारातलं काही कळत नाही. तो तिथूनच वकिलाकडे गेला, घर-पैसा आपल्या ताब्यात घ्यायला. वडील ठणठणीत होते. त्यांना हे कळलं तेव्हा व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं, आणि बाप-लेकाचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. तक्रार वरपर्यंत गेली. आणि मग कार्यालयातल्या साहेबांनी जुनी फाईल काढली तर वर्षभरातले आणखी दोन मेमो निघाले. कपाटाची किल्ली कुलपातच राहिली. वरच्या मजल्याचा नळ रात्रभर चालू. आता चौकशी बसणार होती.

काकांच्या बायकोला बाईंनी तोवर दोन-चारदाच पाहिलं होतं. त्या एका शाळेत मदतनीस होत्या, बोलणं कमी. त्या दिवशी आल्या त्या थेट बाईंच्या टेबलासमोर बसल्या. पाणी पुढं केलं तर घेतलं नाही.

"बाई, यांना काहीतरी झालंय. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष? मग आधी का नाही बोललात, काकू?"

काकू ओशाळल्या. "खरं सांगू? मला वाटलं, इथली सवय घरी आणली. हे घरी पण करून दाखवायचे ना, आज असा पेशंट केला, तसा केला. दूध गॅसवर ठेवून अंघोळीला गेले. मी म्हटलं, तुमची नाटकं ऑफिसात ठेवा. परवा कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं, तीस वर्षांचं दुकान, तर दुसऱ्याच्याच दारात जाऊन बेल वाजवत बसले. मी तिथंही चिडले त्यांच्यावर. लोकांसमोर." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मग मीच रडले. ते म्हणाले, तू का रडतेस? आणि मला कळलं की यांना खरंच माहीत नाही."

बाई सवयीनं म्हणाल्या, "असं अनेक कारणांनी होऊ शकतं. मोजल्याशिवाय…"

"हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई? एक दिवस या माझ्या घरी. नुसतं बसा."

"काकू, घरी बसून मी काय लिहिणार? चौकशीत ते कागद मागतील. आजारी असल्याचा कागद असला तर काका सन्मानानं सुटतील, आजारी म्हणून. नसला तर निष्काळजी म्हणून काढतील. वर काही आठवत नाही म्हणतात म्हणून खोटारडे."

"मग द्या ना कागद. तुमचं कामच आहे ते."

बाईंना त्या क्षणी, त्या खुर्चीत, पुढचं सगळं दिसलं. तरी त्यांनी काकांना बोलावलं. खोलीत बसवलं. स्वतः समोर बसल्या, कितीतरी वर्षांनी, काचेच्या या बाजूला.

"काका, आज कुणी व्हायचं नाही. तुम्हीच."

"मी? बरं. मी तर मी." काका हसले. "सोपा दिलात आज."

त्यांनी यादी वाचली. एका सेकंदाला एक. काकांनी पंधराच्या पंधरा म्हणून दाखवले, त्याच क्रमानं, आणि शेवटचा शब्द बाईंच्या तोंडातून निघायच्या आत. आकडे उलटे म्हणा म्हटलं, तर आकडे सांगायच्या आधीच उलटे. "आता वीस मिनिटं दुसरं काहीतरी करायचं असतं, बाई," त्यांनी आठवण करून दिली, "मग परत विचारायचे." वीस मिनिटांनी परत पंधरा. तरुणांना जमत नाही एवढं. चारशेहून जास्त वेळा त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाडात ती यादी गेली होती. मेंदूचं इतर काही जळालं तरी ती शेवटी जळणार.

बाईंनी स्टॉपवॉच बाजूला ठेवलं. "काका, आज सकाळी आलात कसे?"

"नेहमीसारखा."

"बरोबर कोण होतं?"

"कोण असणार? एकटाच."

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांनीच बसमधून हाताला धरून आणलं होतं, पाऊण तासापूर्वी.

पुढचे दोन आठवडे बाईंनी जिवाचं रान केलं. दुसऱ्या संस्थेतल्या एका मैत्रिणीकडून काकांनी कधीच न पाहिलेली चाचणी मागवली. तिच्यात काकांना बारापैकी तीन शब्द आठवले; थोड्या वेळानं विचारलं तर एकही नाही, आणि यादी वाचली होती हेही नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि देवाशपथ, ते आनंदाचं होतं. मग त्यांनी चाचणीसोबतची पुस्तिका उघडली. तुलनेचे आकडे दुसऱ्या भाषेतल्या, पंधरा-पंधरा वर्षं शिकलेल्या माणसांचे. काका दहावी. अशा आकड्यांशी ताडून निष्कर्ष काढला म्हणून त्यांनी स्वतः कित्येक मुलांचे अहवाल लाल शाईनं फाडले होते. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्कॅन उजेडाला धरला. "वयाच्या मानानं ठीक. पण सुरुवातीला फोटोत दिसेलच असं नाही, तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या चाचण्या काय म्हणतात?"

"माझ्या चाचण्या म्हणतात, असा माणूस लाखात एक."

"मग?" डॉक्टर म्हणाले.

रविवारी दुपारी विभाग रिकामा असताना बाईंनी स्टीलचं कपाट उघडलं आणि सरावाचे कागद जमिनीवर तारखेनं मांडले. शेवटच्या दोन वर्षांचे सत्तेचाळीस निघाले. मुलांनी काकांची उत्तरं शब्दन् शब्द लिहिली होती, कारण बाईंनी तसं शिकवलं होतं. आणि त्या कागदांत सगळं होतं. यादी नव्हे, यादी शेवटपर्यंत पक्की. पण मधलं बोलणं. तोच प्रश्न दोनदा, मग तीनदा, मग पाचदा. मुलांना चुका दाखवणं हळूहळू कमी होत गेलेलं आणि एके दिवशी बंद. भूमिका चिडक्याची, तरी मध्येच 'हे कोणतं ऑफिस?' भूमिका बहिऱ्याची. बहिरा माणूस ऐकणार नाही, मान्य, पण तो आकृती काढता काढता विसरेल कशाला? बाईंनी आलेखाच्या कागदावर टिंबं काढली, रेघ जोडली. रेघ जिन्यावरून उतरावी तशी उतरत होती. दोन वर्षांचा, आठ-आठ हातांनी लिहिलेला, तारीखवार पुरावा.

अशा सोळा कागदांवर खालच्या चौकटीत त्यांची सही होती. उत्तम वठवली. उत्तम वठवली. उत्तम वठवली.

चौकशीला तिघं बसले. साहेब, कार्यालयातले एक कायदा जाणणारे गृहस्थ, आणि बाहेरची तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची बाईंचीच विद्यार्थिनी. तिला तुकडीत 'टाचणी' म्हणत, कारण ती नेमकं दुखेल तिथं बोट ठेवायची. बाईंची लाडकी. कोपऱ्यात क्लार्क लिहून घेत होता.

टाचणीनं काकांना स्वतंत्र तपासलं होतं. तिचा आवाज खाली होता. "प्रमाणित चाचण्या सगळ्या नॉर्मलच्या वर. सरावाचा परिणाम आहे हे मी लिहिलंय, मॅडम. पण त्याचा अर्थ एवढाच की या चाचण्यांवरून काही सांगता येत नाही. आजार आहे असा अर्थ होत नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनीच शिकवलेलं वाक्य होतं ते. "म्हणून मी हे आणलंय." त्यांनी आलेख पुढं सरकवला, आणि कागदांचा गठ्ठा.

टाचणीनं आलेख बराच वेळ पाहिला. तिला कळलं होतं. तिनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट होतं. पण तिनं विचारलं ते हे : "मॅडम, यातलं कोणतं त्यांनी केलं आणि कोणतं त्यांना झालं, हे वेगळं कसं करायचं?"

"भूमिकेत न बसणाऱ्या चुका बघ. बहिऱ्याच्या…"

"त्या वेळी तुम्ही काचेमागे होतात. तुम्हाला त्या भूमिकेत बसणाऱ्या वाटल्या."

"हो," बाई म्हणाल्या. "मला ओळखता आलं नाही. तसं लिहून घ्या. दोन वर्षं माझ्यासमोर एक माणूस आजारी पडत होता आणि मी त्याला शाबासकी देत होते."

क्लार्कनं लिहिलं. कायदेवाले गृहस्थ खाकरले. "म्हणजे त्या मुलांना दिलेले गुणही मग…"

"गुणांचं जाऊ द्या हो!"

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद चाळले, एकेक सही बघितली. "बाई, एक म्हण आहे. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. हा माणूस वीस वर्षं तुमच्याकडे सोंगंच घेतोय. चांगली घेतोय, असं तुम्हीच लिहिलंय. आज तुम्ही म्हणता, ती सोंगं नव्हती. मी कोणत्या बाईंवर विश्वास ठेवू? सही केलेल्या, का समोर बसलेल्या?"

"समोर बसलेल्या."

"ठीक. पुरावा?"

साहेबांना ते टोपणनाव माहीत नव्हतं. क्लार्कनं खाली मान घालून ओठ चावला. टाचणी खिडकीबाहेर बघायला लागली.

मग काकांना आत बोलावलं. इस्त्रीचा गणवेश, केस चापून बसवलेले. काकूंनी सकाळी सगळं केलं असणार. टेबल, समोर कागद घेऊन बसलेली माणसं, एक रिकामी खुर्ची. काका त्या खुर्चीत असे बसले की जणू घरी आले. पाठ ताठ. डोळ्यांत लकाकी. बाईंनी मनात म्हटलं, नका. काका, आज नका.

"आजची तारीख?" टाचणीनं विचारलं. काकांनी दाराबाहेरच्या फळ्यावर वाचली होती. बरोबर सांगितली.

"इथं किती वर्षं आहात?"

"इतकी, की तुम्ही शिकत होतात तेव्हा घड्याळ उलटं धरायचात."

कायदेवाले हसले. टाचणी पण हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. ते जुनं होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. जुनं सगळं जागच्या जागी होतं. खऱ्या पेशंटमध्येही असंच असतं. हे त्या खोलीत दोघींना ठाऊक होतं, आणि दोघींकडेही ते सिद्ध करायला काही नव्हतं.

"लिफाफे का बदलले?" साहेबांनी विचारलं.

"कोणते लिफाफे, साहेब?"

"काका, नीट आठवा. ज्यावरून तक्रार झाली."

"मी नाही बदलले." आवाजात चलबिचल नाही, पापणी हलली नाही. "मी कशाला बदलेन? माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. बाईंना विचारा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

आदेश गुरुवारी निघाला. 'वैद्यकीय कारण सिद्ध झालेले नाही. गंभीर निष्काळजीपणा आणि चौकशीत खोटे निवेदन, या कारणांस्तव सेवा समाप्त.' टाचणीनं आपल्या अहवालाला एक परिच्छेद जोडला होता, वर्षभरानं पुन्हा तपासणी व्हावी असा. तो परिशिष्टात गेला. परिशिष्ट कोण वाचतं?

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि बाहेर आल्या. काकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर काकांचा डबा आणि घडी केलेला गणवेश. काका हात धुवायला गेलेले. बाई शेजारी टेकल्या. बावीस वर्षांत त्या कधी त्या बाकावर बसल्या नव्हत्या.

"काकू, मी आता जे सांगते ते कागदावर नाही."

"सांगा."

"गॅसचं बटण खालून बंद ठेवत जा. बाहेरच्या दाराला वर उंच कडी लावून घ्या, त्यांच्या हाताला चटकन सापडणार नाही अशी. खिशात पत्ता ठेवा. ते चुकले तर वाद घालू नका, मी म्हणते ते खरं असं सिद्ध करायला जाऊ नका. संध्याकाळी जास्त अस्वस्थ होतील. चिडतील, संशय घेतील, कदाचित तुमच्यावरच. तो त्यांचा स्वभाव नसेल, एवढं लक्षात ठेवा. पुढं शब्द जातील. मग…" त्या थांबल्या. "मग तुम्हाला ओळखणं."

काकूंनी सगळं ऐकलं. मुलं वर्गात ऐकतात त्याहून नीट. "किती वर्षं?"

"सात-आठ. कमी-जास्त. शेवटची दोन फार कठीण."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात त्या दिवसापासून."

काकूंनी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. "मग आत असं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं, काकू. सगळे कागद दाखवले मी. माझी चूक पण कबूल केली."

"नाही, बाई." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कागद दाखवलेत. असं नाही सांगितलंत."

असं सांगून काही झालं नसतं. साहेबांनी तेच विचारलं असतं, टाचणी तशीच खिडकीबाहेर बघत राहिली असती. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही त्यांनी सांगून बघितलं नव्हतं, हेही खरं होतं.

काका ओले हात झटकत आले. दोघींना शेजारी बसलेलं बघून त्यांना मौज वाटली. "वा, बाई बाकावर! उद्या सकाळी किती वाजता येऊ?"

"उद्या यायचं नाही," काकू उठत म्हणाल्या.

"का? सुट्टी आहे?"

"हो."

"कुणी दिली?"

काकूंनी बाईंकडे पाहिलं. क्षणभरच. मग नवऱ्याचं कोपर धरलं.

"बाईंनी."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी ओल्या हातांनीच नमस्कार केला. "उपकार झाले, बाई. फार दमलो होतो अलीकडे," ते म्हणाले, आणि बायकोचा हात धरून, प्रत्येक पायरीकडे नीट बघत, जिना उतरायला लागले.